डिझेल लाइन गळतेय? आधी जागा शोधा, मग पाना उचला

मुंबईतला सोसायटीचा जनरेटर चालून खराब होत नाही, उभा राहून होतो. इथे वीज सहसा जात नाही, त्यामुळे सेट महिनोन्महिने कॅनोपीत, म्हणजे त्याच्या लोखंडी पेटीत, बंद. आतला रबरी पाइप कडक होतो, ओ-रिंग सुकते, खाऱ्या हवेनं लोखंडी पाइपला गंज धरतो. मग 12 ऑक्टोबर 2020 सारखा एखादा दिवस उगवतो. ग्रिड बसते, लोकल जागच्या जागी थांबतात, आणि इकडे वॉचमन सेल्फ मारून मारून थकतो. इंजिन घरघरतं पण पेटत नाही. खाली बघावं तर बेसवर डिझेलचं थारोळं. किंवा तेही नाही; सगळं कोरडं, तरी इंजिन एअर घेतंय, म्हणजे लाइनमध्ये हवा शिरतेय.

असे सेट, साइटवरचे मिक्सर, पावसाळ्यात पाणी उपसायचे डिझेल पंप, वर्सोव्याच्या होड्यांमधली इंजिनं यांवर नव्यानं हात बसवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सोसायटीच्या सेक्रेटरींनीही वाचायला हरकत नाही. मेकॅनिकनं खरंच काय केलं आणि नुसतं बिलावर काय लिहिलं, एवढं तरी कळेल.

डिझेल कुठून कुठे जातं

टाकी, वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा), फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा), फिल्टर, मोठा पंप (म्हणजे इंजेक्शन पंप), तिथून प्रत्येक नोझलला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा) जाणारे जाड भिंतीचे लोखंडी पाइप, आणि नोझलवरून उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा बारीक ओव्हरफ्लो पाइप. कुठलंही इंजिन समोर आलं की आधी ही वाट बोटानं, इंजिन बंद असताना, टाकीपासून टाकीपर्यंत फिरून बघा. काही इंजिनांत फिल्टर फीड पंपाच्या आधी असतो, म्हणून पाठांतरावर जाऊ नका.

या वाटेचे तीन भाग मनात वेगळे ठेवा, कारण तिन्हीकडची गळती वेगळी वागते.

टाकी ते फीड पंप हा ओढीचा भाग. इथे चीर असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. शहाळ्याच्या नळीला चीर गेली की पाण्याऐवजी हवा तोंडात येते, तसंच. इंजिन स्लोवर खालीवर होतं, लोड घेतला की दम टाकतं, मधेच बंद पडतं. सोसायटीच्या सेटची टाकी बहुतेक वेळा खाली बेसमध्ये असते, त्यामुळे इंजिन बंद झालं की लाइनमधलं डिझेल त्या चिरेतून हवा घेत खाली टाकीत उतरतं आणि सकाळी लाइन रिकामी. प्रायमर, म्हणजे लाइनमध्ये डिझेल भरायचा हातपंप, मारला की लगेच चालू, रात्रभर उभं राहिलं की पुन्हा तेच. ही तक्रार ऐकली की नव्वद टक्के काम ओढीच्या भागातच असतं. उरलेल्या वेळा लाइनमधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (डिझेल उलटं जाऊ न देणारा) धरत नसतो. टाकी इंजिनपेक्षा वर असेल, जसं बऱ्याच मिक्सरवर असतं, तर हीच चीर उलटी वागते. मशीन उभं असताना टपकते आणि चालू झालं की टपकणं थांबतं.

फीड पंप ते मोठा पंप हा कमी दाबाचा ढकलणारा भाग. इथली गळती दिसते, वास येतो, थेंब पडतात. ओव्हरफ्लोचा बारीक पाइपही याच स्वभावाचा.

मोठा पंप ते नोझल हा जास्त दाबाचा भाग, आणि इथे नियमच वेगळे. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत नोझल साधारण 200 ते 250 बारला उघडतो. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून दाबाखालचं डिझेल मिळतं अशा इंजिनात, दाब 1,600 बारच्याही वर जातो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली डिझेलची धार डोळ्याला दिसत नाही, पण हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. बाहेरून नुसता लाल ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, म्हणून माणूस हळद लावून पुन्हा कामाला लागतो. काही तासांत बोट काळं पडायला लागतं. असं झालं तर शेजारच्या दवाखान्यात टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन परत येऊ नका. केईएम, सायन अशा मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात त्याच तासाला जा आणि "दाबाखालचं डिझेल कातडीत शिरलंय" असं स्पष्ट सांगा. चालू इंजिनच्या जास्त दाबाच्या पाइपवर हात फिरवून गळती शोधायची नाही, मग शेजारी उभा असलेला उस्ताद कितीही वर्षं तसं करत असला तरी.

हात लावण्याआधी

सोसायटीचे बहुतेक सेट ऑटोवर असतात. वीज गेली की सेट आपणहून चालू होतो, आणि तेव्हा तुमचा हात पंख्याजवळ असू शकतो. म्हणून पॅनलवर आधी ऑफ, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची आणि पॅनलच्या दाराला "काम चालू आहे" अशी पाटी बांधायची. नुसतं वॉचमनला सांगणं पुरेसं नाही. त्याची ड्युटी बदलते.

इंजिन थंड होऊ द्या. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते ते, किमान 35 अंश सेल्सिअस असतो. एप्रिल-मेमध्ये दार बंद असलेल्या कॅनोपीतलं तापमान याच्या पुढे सहज जातं, म्हणजे "डिझेल काय, पेट्रोलसारखं थोडंच पेटतं" हे वाक्य तिथे चालत नाही. शिवाय सुमारे 210 अंशांच्या पुढे तापलेल्या पृष्ठभागावर डिझेल ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं, आणि लोडवर चालणाऱ्या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा इंजिनवरचा भाग) त्याच्या दुप्पट तापतो. बिडी-सिगारेट तर नाहीच, पण दसऱ्याला पूजा केली तेव्हा सेटवर खोचलेली उदबत्ती आणि पणतीही काढून घ्या. हॅलोजनचा दिवा नको, एलईडी टॉर्च घ्या. फोम किंवा ड्राय पावडरचं सिलिंडर आणि वाळूची बादली हाताशी ठेवा. डिझेलच्या आगीवर पाणी मारलं की आग पसरते.

शोधणं

नव्या मुलाची पहिली चूक म्हणजे ओलं दिसेल तिथला नट आवळणं. डिझेल पाइपच्या अंगावरून सरकत जातं, पंख्याच्या वाऱ्यानं मागे उडतं आणि सगळ्यात खालच्या वळणावरून टपकतं. थेंब पडतो ती जागा आणि गळतीची जागा यांत कधीकधी दोन फुटांचं अंतर असतं.

आधी खात्री करा की ते डिझेलच आहे. पांढऱ्या टिश्यूवर थेंब घ्या. डिझेल फिकट पिवळसर आणि बोटांना तेलकट पण पातळ लागतं, वास ओळखीचा. काळं आणि चिकट असेल तर ऑइल. हिरवं किंवा लालसर आणि बोटांत पाण्यासारखं असेल तर कूलंट.

मग धुवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि निम्मे लोक इथेच पळवाट काढतात. ब्रश आणि डीग्रीझरनं लाइनचा सगळा भाग साफ करा, चिंधीनं कोरडा करा, हवा मारून सांध्यांतलं पाणी उडवा. मळकट इंजिनवर गळती शोधणं म्हणजे अंदाज बांधणं. कोरड्या झालेल्या सांध्यांवर, मशीन थंड आणि बंद असताना, टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरा. टाकी वर असेल तर नुसतं थांबलं तरी पावडरवर ओली रेघ उमटते. टाकी खाली असेल तर हॅण्ड प्रायमर दाबून लाइनमध्ये थोडा दाब आणा आणि बघा. जी रेघ सर्वांत वर सुरू होते, तिथे बिघाड. पावडर पंख्याच्या पट्ट्यावर आणि एअर फिल्टरजवळ मात्र टाकू नका.

यातून काही दिसलं नाही तर बॅटरी जोडून, पाटी काढून, सेट मॅन्युअलवर चालवा. एकानं बटणाजवळ उभं राहायचं, दुसऱ्यानं टॉर्च आणि पुठ्ठ्याचा लांब तुकडा घ्यायचा. जास्त दाबाच्या पाइपांच्या बाजूनं पुठ्ठा लांबून फिरवा. धार असेल तर पुठ्ठ्यावर ओला डाग पडतो. तोंड आणि डोळे लांब, चष्मा लावलेला. डाग दिसला की आधी इंजिन बंद, दाब उतरू द्या, मगच जवळ जा.

ओढीच्या भागाची गोष्ट वेगळी, कारण तिथे ओलं काहीच नसतं. फीड पंपाच्या तोंडाशी हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा आणि इंजिन चालवा. डिझेलबरोबर बुडबुडे येत असतील तर हवा त्याआधी कुठेतरी शिरतेय. आता हा पारदर्शक पाइप एकेक सांधा मागे, सेपरेटरच्या पुढे, सेपरेटरच्या मागे, टाकीजवळ, असा सरकवत न्या. जिथे बुडबुडे यायचे थांबले, त्याच्या आणि आधीच्या जागेच्या मध्ये चोर. काम झालं की हा पाइप काढायचा. "राहू दे, चांगलं दिसतंय आतलं" म्हणून तो तसाच ठेवलेला मी बऱ्याच ठिकाणी पाहतो. उष्णतेनं तो कडक होऊन पुढच्या वर्षी स्वतःच गळतो.

एक गळती बाहेर कधीच दिसत नाही. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा. ऑइलची पातळी वाढलीय, ऑइल पातळ झालंय आणि त्याला डिझेलचा वास येतोय, तर फीड पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटलाय किंवा मोठ्या पंपाचा सील गेलाय आणि डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. इंजिन तसंच चालवलं तर बेअरिंगं जातात. डायफ्राम बदलल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदलावाच लागतो.

सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला साधारण चार लिटर डिझेल जातं. कमिटीला खर्च मंजूर करायला लावायचा असेल तर हा हिशोब मीटिंगमध्ये मांडा, लवकर सही होते.

दुरुस्ती: रबरी पाइप

मुंबईत रबरी पाइपचे दोन शत्रू, उष्णता आणि उंदीर. दुसऱ्यावर हसू नका. कॅनोपी उबदार आणि अंधारी असते, आणि ओव्हरफ्लोचा बारीक पाइप उंदराच्या दाताच्या बरोबर मापाचा. दातांचे दोन समांतर ओरखडे दिसले तर पाइप बदलून भागत नाही, कॅनोपीच्या केबलच्या भोकांना जाळीही लावायला सांगा.

पाइप वाकवून बघा. बाहेरच्या बाजूला बारीक भेगा उघडल्या किंवा पाइप काडीसारखा कडक लागला, तर टोक कापून पुन्हा बसवायचा विचार सोडा. पूर्ण तुकडा बदला. नवीन पाइप घ्यायला नागदेवी स्ट्रीटला गेलात तर काउंटरवर नुसतं "आठ एमएमचा पाइप द्या" म्हणू नका, कारण तुम्हाला पाण्याचा पाइपही मिळू शकतो. पाण्याच्या आणि रेडिएटरच्या पाइपांत बहुधा ईपीडीएम रबर असतं, ते डिझेलमध्ये फुगून लिबलिबीत होतं. डिझेलला आत नायट्राइल रबर किंवा व्हायटॉन हवं. पाइपच्या अंगावर छापलेलं वाचा. "एसएई जे30 आर7" किंवा "आर9" असं असेल तर तो इंधनासाठीच बनवलेला आहे. आर9 हा आर7पेक्षा जास्त दाब सोसतो, पण मोठा पंप ते नोझल या भागासाठी तोही नाही. काहीच छापलेलं नसेल तर दुकानदार कितीही शपथा घेऊ दे, ठेवून द्या. जुन्या पाइपचा तुकडा बरोबर न्या आणि आतला व्यास मोजून घ्या.

कापताना नवं ब्लेड वापरा, काप सरळ हवा. करवतीनं कापलं की रबराचा भुसा आत राहतो आणि तो पुढे जातो. पाइप निपलच्या (ज्या तोंडावर तो बसतो त्याच्या) फुगीर कडेच्या पलीकडे पूर्ण चढवा, क्लिप त्या कडेच्या मागे बसली पाहिजे. क्लिप रबर जरा दबेल इतकीच आवळा. रबर क्लिपच्या खाचांतून वर यायला लागलं म्हणजे तुम्ही पाइप कापताय. बारीक पाइपला खाचांची पट्टी असलेली क्लिप चांगली नाही, गुळगुळीत पट्टीची, छोट्या स्क्रू-नटाची फ्युएल क्लिप घ्या. दहा-वीस रुपयांचाच फरक असतो. आणि नवा पाइप सायलेन्सरपासून, टर्बोपासून लांब, कुठे घासणार नाही असा बांधा.

बँजो, वायसर आणि टेप

पाइपच्या टोकाचं गोल कडं ज्या पोकळ बोल्टनं बसवतात तो बँजो बोल्ट. त्या कड्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात. एकदा दबलेला वायसर पुन्हा बसत नाही. जुने लोक तो लालभडक तापवून पाण्यात टाकतात, तांबं मऊ होतं आणि वायसर पुन्हा चालतो. होडी समुद्रात असताना ही युक्ती ठीक, पण शहरात उभं राहून ती करायची काय गरज? नवे वायसर घ्या, दोन्ही बाजूंचे बदला. रबर बसवलेला डौटी वायसर असेल तर तो कधीच पुन्हा वापरू नका. बसवण्याआधी दोन्ही चेहरे नखानं तपासा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर कितीही आवळलं तरी पाझर राहणारच. मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे किती जोरानं आवळायचं ते, दिलेला असतो, तेवढाच द्या. बँजो बोल्ट आतून पोकळ असतो, जोर लावला की तुटतो.

टेफ्लॉन टेप. प्लंबरच्या खिशात असते म्हणून ती डिझेल लाइनवर येते. बँजो, फ्लेअर किंवा शंकूच्या आकाराच्या सांध्यात आटे सील करतच नाहीत, धातूचे दोन चेहरे एकमेकांवर बसून सील होतं. तिथे टेप लावून काही साध्य होत नाही, उलट तिचे धागे सुटून फिल्टरपुढच्या भागात गेले तर नोझलमध्ये अडकतात. प्लंबरचाच दुसरा प्रताप म्हणजे लांबच्या टाकीपासून सेटपर्यंत घातलेला जीआय पाइप. जस्ताचा मुलामा डिझेलशी रासायनिक क्रिया करतो, त्याचा गाळ फिल्टर आणि पंपात जातो. डिझेलला काळा लोखंडी पाइप किंवा योग्य होज, जीआय नाही.

फिल्टर बदलल्यावर लगेच गळती सुरू झाली असेल तर दुसरं काही शोधू नका. जुन्या फिल्टरची रबरी रिंग वरच्या हेडला चिकटून राहिलीय आणि नव्याची तिच्यावर बसलीय. काढा, हेड पुसा, एकच रिंग ठेवा.

लोखंडी पाइप

पाइप जिथे क्लॅम्पनं इंजिनला बांधलेला असतो, तिथे क्लॅम्प सोडवून खाली बघायची सवय लावा. क्लॅम्पच्या रबरात पावसाळ्यातलं दमट, खारट पाणी साचून राहतं आणि बाहेरून रंग शाबूत दिसणारा पाइप आतून चाळणी झालेला असतो. परळकडच्या एका सोसायटीच्या सेटवर सगळे सांधे नवे करूनही वास जात नव्हता. क्लॅम्प उघडला तर पाइपवर तांदळाच्या दाण्याएवढा गंजाचा फोड, आणि नखानं तो काढताच डिझेल वर आलं. क्लॅम्पबाहेरचा पाइप मात्र कोरा करकरीत होता.

जास्त दाबाचा पाइप वेल्डिंग, ब्रेझिंग, एम-सील यांपैकी कशानंही दुरुस्त होत नाही. त्या इंजिनचा, त्या सिलिंडरचा मूळ मापाचा पाइपच घ्या. बसवताना सगळे नट आधी हातानं पूर्ण लावा, पाइप ताणून सांध्यात घालू नका, मग आवळा. नट बहुधा 17 किंवा 19 च्या पान्याचे असतात. पंपाच्या बाजूला खालचा होल्डर दुसऱ्या पान्यानं धरून ठेवा, नाहीतर तोही फिरतो. पाइप एकमेकांना बांधणारे छोटे क्लॅम्प "नंतर लावू" म्हणून डब्यात टाकलेले असतात. ते नसले की पाइप थरथरून सांध्याजवळ तडकतो. होडीच्या इंजिनवर तर हे हमखास होतं.

टाकीला चीर गेली असेल तर ती जागेवर वेल्ड करायची नाही, रिकामी वाटली तरी नाही. आतली वाफ स्फोटाला पुरेशी असते.

एअर काढणं आणि तपासणी

लाइन उघडली की आत हवा शिरलीच. टाकीत डिझेल पुरेसं आहे ना बघा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दोन-अडीच आटे सैल करा, खाली डबा धरा, हॅण्ड प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार येत असतानाच स्क्रू बंद करा. मग मोठ्या पंपावरच्या स्क्रूला हेच. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात एवढ्यानं चालू झालं नाही, तर नोझलकडचा एक नट अर्धा आटा सैल करून, वर जाड चिंधी टाकून, सेल्फ मारतात. कॉमन रेलवर हे कधीच करू नका. जुलै 2023 पासून लागू झालेल्या सीपीसीबी-4 प्लस (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जनरेटरच्या धुराबाबतच्या) नियमांनंतरचे बरेच सेट कॉमन रेलचे आहेत, तेव्हा सेटवरची प्लेट वाचून मगच ठरवा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये थांबा.

चालू झालं की आधी स्लोवर, मग लोडवर चालवा. कोरडी टिश्यू सांध्यांखाली ठेवा. गळती कित्येकदा इंजिन तापल्यावर किंवा थंड झाल्यावरच दिसते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, सेल्फ मारण्याआधी, पुन्हा येऊन बघा. ओढीच्या गळतीचा निकाल तर त्या पहिल्या सेल्फवरच लागतो.

खाली सांडलेल्या डिझेलवर लाकडाचा भुसा टाका, भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा. पाइप लावून गटारात ढकलू नका. पावसाच्या पाण्याची गटारं शेवटी समुद्रालाच मिळतात.

पेट्रोलवरच्या छोट्या मशीनचं थोडक्यात. वाफ खोलीत साठते, म्हणून काम उघड्यावरच. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या काळचे रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरच्या रिंगा त्यात फुगतात. आणि कार्ब्युरेटरखालून टपकतंय म्हणजे लाइन गळतेय असं नाही. फ्लोटची सुई नीट बसत नसली तरी पेट्रोल तिथूनच वाहतं.

मोठ्या पंपाच्या शाफ्टजवळून किंवा त्याच्या अंगातूनच डिझेल येत असेल तर तो जागेवर उघडू नका. त्याला टेस्ट बेंच लागतं, तो पंपवाल्याकडेच जायला हवा. पंप काढण्याआधी टायमिंगच्या खुणा मार्करनं ठळक करा, फोटो काढा, आणि सोडवलेल्या प्रत्येक तोंडाला प्लास्टिकची टोपी लावा. टोप्या नसतील तर स्वच्छ पॉलिथिन आणि रबरबँड. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत राहतात.